अपुऱ्या कथेवर हक्क कुणाचा?

अकिरा तोरियामा गेल्याची बातमी जगाला ८ मार्च २०२४ रोजी कळली. मृत्यू आठवडाभर आधी, १ मार्चलाच झाला होता. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊन वयाच्या ६८ व्या वर्षी ते गेले आणि घरच्यांनी अंत्यविधी आटोपल्यावरच ते जाहीर झाले. दोन दिवसांनी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनोस आयर्सच्या ओबेलिस्कपाशी, मोठा जमाव दोन्ही हात आकाशाकडे करून उभा राहिला. ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू अगदी शेवटच्या क्षणी साऱ्या सजीवांकडे थोडी थोडी शक्ती मागतो, तेव्हा माणसे असेच हात वर करून ती देतात. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी आदरांजली वाहिली, चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी शोक व्यक्त केला. या शतकाच्या पहिल्या दशकात शाळेतून येऊन कार्टून नेटवर्क लावणाऱ्या आपल्याकडच्या पिढीलाही ही बातमी लागली. या सगळ्या दुःखात एक समाधान मात्र होते. ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९९५ मध्ये, ५१९ प्रकरणांनंतर, तोरियामांनी ती स्वतःच संपवली. पुढे तिच्यावरून आणखी मालिका निघाल्या, चित्रपट निघाले. पण मूळ कथेचे शेवटचे पान त्यांच्याच हातचे आहे. रडणाऱ्या वाचकाच्या कपाटात ४२ खंड पुरे होते.

केंतारो मिउरा यांच्या वाचकांच्या वाट्याला हे समाधान आले नाही. ६ मे २०२१ रोजी महाधमनीचा आतला थर अचानक फाटून मिउरा गेले, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. हाकुसेन्शा या त्यांच्या प्रकाशनसंस्थेने २० मे रोजी ही बातमी दिली. त्यांची ‘बर्सर्क’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८९ पासून चालू होती. आधी एका मासिकातून आणि १९९२ पासून ‘यंग अ‍ॅनिमल’मधून. ४० खंड झाले होते, छापलेल्या प्रती ५ कोटींच्या घरात गेल्या होत्या आणि शेवट अजून दृष्टिपथात नव्हता. बातमी आली तेव्हा ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळात ठिकठिकाणचे खेळाडू हातातली मोहीम सोडून जमले. त्यांनी आपल्या पात्रांना काळे चिलखत चढवले, अवजड तलवारी दिल्या आणि खेळातल्या शहरांत रस्त्यांच्या दुतर्फा रांगा करून ते नुसते उभे राहिले. मिउरांचा नायक गट्स असाच काळ्या वेशात, माणसाहून मोठी तलवार घेऊन फिरतो. त्या रांगांमध्ये दोन शोक मिसळलेले होते, एक माणूस गेल्याचा आणि एक गोष्ट कायमची अडकल्याचा. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याचे काय करायचे यावर मिउरांचे चाहते आजही एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण जपानी चित्रकथा कधीच न वाचलेल्या माणसानेही समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे.

‘बर्सर्क’ न वाचलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. मध्ययुगीन युरोपसारख्या एका काल्पनिक भूमीत, फाशी दिलेल्या आईच्या प्रेताखाली जन्मलेला गट्स लहानपणापासून भाडोत्री सैनिक म्हणून लढत वाढतो. ग्रिफिथ नावाचा तेजस्वी, महत्त्वाकांक्षी सेनानी त्याला आपल्या तुकडीत ओढून घेतो. आयुष्यात पहिल्यांदा गट्सला मित्र मिळतात, कास्का नावाच्या योद्धा स्त्रीचे प्रेम मिळते. आणि मग स्वतःच्या राज्याच्या स्वप्नासाठी ग्रिफिथ या सगळ्या साथीदारांचा बळी देतो. त्या रात्रीतून गट्स आणि कास्का दोघेच जिवंत सुटतात. गट्स एक हात आणि एक डोळा गमावून, कास्का मनाचा तोल हरवून. पुढचे सगळे खंड सूड आणि सांभाळ यांच्यातल्या ओढाताणीचे आहेत. सूड घ्यायला निघालेल्या माणसाने आपल्यावर अवलंबून असलेल्या जखमी माणसासाठी किती वेळा वाट बदलायची, हा प्रश्न मिउरांनी इतक्या सबुरीने मांडला की कास्का भानावर येईपर्यंत प्रत्यक्षातली वीसहून अधिक वर्षे गेली. आणि हे सारे रेषेरेषेने विणलेल्या चित्रांतून. दोरे, ब्रॉयगेल, बॉश अशा युरोपीय चित्रकारांचे ऋण सांगणाऱ्या या माणसाने सैन्यातल्या मागच्या रांगेतल्या भाल्यांनाही वजन दिले. त्यामुळे ‘बर्सर्क’ पुढे कोण नेणार, या प्रश्नाची धार इतरांच्या बाबतीत असते त्यापेक्षा जास्त आहे.

मिउरांनी काम केलेले शेवटचे प्रकरण, ३६४ वे, १० सप्टेंबर २०२१ रोजी आले. ‘स्टुडिओ गागा’ या त्यांच्या चित्रशाळेतल्या सहायकांनी ते पुरे केले होते. पौर्णिमेच्या रात्री गट्स आणि कास्काकडे येणारा तो मुका मुलगा खरा कोण, हे त्यात उघड होते: गट्ससमोर ग्रिफिथ उभा असतो, त्याच्या डोळ्यांत पाणी असते. अनेक चाहत्यांना वाटले, इथेच थांबावे. याहून योग्य विराम मुद्दाम शोधूनही सापडला नसता. नऊ महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, ‘यंग अ‍ॅनिमल’ने मालिका पुन्हा सुरू होत असल्याचे जाहीर केले. चित्रे स्टुडिओ गागाची, देखरेख कौजी मोरी यांची. मोरी स्वतः नावाजलेले मांगाकार आणि मिउरांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी वाचकांना उद्देशून जे निवेदन लिहिले, त्याचा आशय असा: सुमारे तीस वर्षांपूर्वी मिउरांनी मला बोलावून शेवटापर्यंतची कथा सांगितली होती. मी फक्त त्यांनी मला सांगितलेलेच प्रसंग घेईन. त्यात भर घालणार नाही. जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही. हे परिपूर्ण होणार नाही, हेही त्यांनी तिथेच कबूल केले.

माझे म्हणणे या निवेदनावर उभे आहे. अपुरी कथा पुढे नेण्याचा हक्क वाचकाच्या दुःखातून मिळत नाही आणि प्रकाशकाच्या करारातूनही मिळत नाही. तो कलावंताने मागे ठेवलेल्या शब्दांतून मिळतो, आणि ते शब्द जिथे संपतात तिथे तो हक्कही संपतो. मोरींनी ही हद्द कुणी सांगण्याआधी स्वतःच आखून घेतली, म्हणून ‘बर्सर्क’ चालू ठेवण्याच्या मी बाजूने आहे. उद्या ती हद्द ओलांडली गेली, आठवणीतल्या भोकांवर सफाईदार ठिगळे दिसू लागली, तर पहिला विरोध मिउरांवर प्रेम करणाऱ्यांनीच करायला हवा.

या प्रश्नाला भारतीय साहित्यात एक जुने उदाहरण आहे आणि ते विलक्षण जवळचे आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या काळात, बाणभट्ट ‘कादंबरी’ लिहीत असताना गेला. कथा कुठे तुटली? पत्रलेखा नायक चंद्रापीडाला नायिका कादंबरीचे बोलणे सांगत असताना, त्या बोलण्याच्या मध्येच. बाणाच्या मुलाने उत्तरभाग लिहून ग्रंथ पुरा केला. त्याचे नाव कुणी भूषणभट्ट सांगतात, कुणी पुलिंदभट्ट. आपला भाग सुरू करताना त्याने आधी कारण दिले आहे. वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख होते, ते पाहून मी हे हाती घेतले, कवित्वाच्या गर्वापोटी नव्हे, असे तो म्हणतो. तेराशे वर्षांचे अंतर, दोन अगदी वेगळ्या कला, आणि तरी ही भूमिका मोरींच्या निवेदनाला लागूनच बसावी अशी. वाचकांचे दुःख हे कारण म्हणून दोघेही मान्य करतात. पण ते कारण पुरेसे आहे असे दोघांपैकी कुणीही मानत नाही. दोघांनाही मूळ लेखकापुढे आपण लहान आहोत हे आधी म्हणावेसे वाटते. परंपरेनेही एक काळजी घेतली. पूर्वभाग आणि उत्तरभाग ही विभागणी कधी पुसली नाही. उत्तरभाग बाणाच्या तोडीचा नाही, असे रसिकांनी शतकानुशतके उघड म्हटले आणि तरी तो जपला, वाचला, शिकवला. मोरी आणि स्टुडिओ गागा यांच्या कामाकडे असेच पाहता येईल. ते मिउरांच्या बरोबरीचे आहे असे म्हणण्याची गरज नाही, आणि ते कमी आहे म्हणून खोटे ठरवण्याचीही.

यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप चित्रांच्या बाजूने येतो. चित्रकथेत कथा आणि रेषा वेगळ्या काढता येत नाहीत. गट्सने तलवार उचलली, एवढा प्रसंग मोरींना आठवेल. ती उचलताना त्याच्या खांद्यावर किती थकवा होता, हे फक्त मिउरांच्या मनगटाला ठाऊक होते. मग प्रसंगांची यादी पुरी करून मिळते काय? या आक्षेपामागे थोर उदाहरणे आहेत. आधुनिक मांगाचे जनक ओसामू तेझुका ९ फेब्रुवारी १९८९ रोजी गेले. ‘निओ फाउस्ट’, ‘लुडविग बी’ आणि ‘ग्रिंगो’ या त्यांच्या तीन कथा अर्ध्यावर होत्या आणि त्या तशाच आहेत. ‘निओ फाउस्ट’ची शेवटची पाने नुसत्या पेन्सिलीच्या आराखड्यात सापडतात. बेल्जियमच्या हर्जेने आपल्यानंतर टिनटिन कुणी काढू नये असे सांगून ठेवले होते. १९८३ मध्ये तो गेला, तेव्हा शेवटच्या कथेचे कच्चे आराखडे पुढे जसेच्या तसे छापले गेले. त्या तुटक रेषांमध्ये काम करता करता थांबलेला माणूस दिसतो, आणि पुरी केलेली सुबक पाने ते दाखवू शकत नाहीत. हे सगळे मी मान्य करतो. पण हर्जेने स्पष्ट नकार दिला होता. मिउरांनी मित्राला बोलावून शेवट सांगितला होता. एकाचा शब्द दार लावतो, दुसऱ्याचा ते किलकिले ठेवतो. दोघांनाही एकच नियम लावणे म्हणजे कलावंत काय म्हणाला याला किंमतच न देणे. राहिली रेषेची गोष्ट. मोरी मिउरांची रेषा परत आणण्याचा दावा करत नाहीत. प्रकरणावरच्या नामनिर्देशात मूळ रचना मिउरांची, चित्रे स्टुडिओ गागाची, देखरेख मोरींची, असे वेगवेगळे लिहिलेले असते. आपण काय पाहतो आहोत हे वाचकाला माहीत असते. त्या पानांकडे मिउरांची कलाकृती म्हणून पाहिले तर निराशाच होईल; मित्राने दिलेली चित्रमय साक्ष म्हणून पाहिले तर त्यांची किंमत कळते.

साक्ष म्हटले की पुढचा आक्षेप दारात उभाच असतो. तीस वर्षांपूर्वी ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा कसा? आणि मोरींची आठवण अचूक असली, तरी तीस वर्षांत मिउरा बदलले नसतील का? हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्याला पुरावा खुद्द मिउरांनीच दिलेला आहे. मालिकेचे ८३ वे प्रकरण नियतकालिकात छापून आले होते. त्यात या विश्वाच्या मुळाशी असलेल्या शक्तीचे रूप उघड केले होते. कथेच्या कक्षा त्यामुळे फार लवकर आखल्या जातात असे वाटून मिउरांनी पुस्तक काढताना ते प्रकरण गाळून टाकले. छापलेला, वाचकांनी वाचलेला मजकूरही मागे घेणारा लेखक तीस वर्षांपूर्वीच्या एका संभाषणाला बांधून राहिला असता असे म्हणता येत नाही. लेखन म्हणजे ठरवलेल्या शेवटाकडे चालत जाणे एवढेच नसते. चालता चालता शेवट हलतो. तेव्हा मोरींना माहीत असलेला शेवट हा ‘बर्सर्क’चा शेवट नव्हे. तो एका तरुण मिउराने मित्राला सांगितलेला शेवट आहे. पण म्हणूनच, जे नीट आठवत नाही ते मी लिहिणार नाही, या मोरींच्या वाक्याला वजन आहे. उरलेला भाग आपल्या प्रतिभेने भरून काढीन असे ते म्हणाले असते, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. त्यांनी साक्षीदाराची जागा घेतली, आणि साक्षीदाराने पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते. त्याचे सांगणे अपुरे असू शकते, त्यात चूकही असू शकते, तरी ते ऐकण्याला अर्थ असतो. ज्याच्याकडून ते ऐकले त्याच्यानंतर ते दुसऱ्या कुणाकडेच नाही.

व्यवसायाचा आक्षेप मात्र मी लवकर बाजूला ठेवीन, कारण तो खरा असूनही अर्धा आहे. कोट्यवधींनी खपणारी मालिका बंद पडू नये असे हाकुसेन्शाला वाटणार हे उघड आहे. जपानमध्ये निर्मात्यामागे चालू राहिलेल्या चित्रकथांची रांग लांब आहे आणि त्यातल्या दोन तर मराठी घरांतली लहान मुले रोज टीव्हीवर पाहतात. ‘डोरेमॉन’चे फुजिको एफ. फुजिओ सप्टेंबर १९९६ मध्ये हातात पेन्सिल असताना टेबलाशीच बेशुद्ध पडले आणि तीन दिवसांनी गेले. त्यांची त्या वेळची लांब कथा सहायकांनी टिपणांवरून पुरी केली आणि १९९७ मध्ये तिच्यावरचा चित्रपटही आला. आपल्या मुलांची डोरेमॉनशी ओळख झाली ती त्यानंतर काही वर्षांनी. ‘शिनचॅन’चे योशितो उसुई ११ सप्टेंबर २००९ रोजी आराफुने डोंगराच्या कड्यावरून पडून गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या सहायकांनी नव्या नावाने मालिका सुरू केली. ‘गोल्गो १३’चे ताकाओ साइतो २४ सप्टेंबर २०२१ रोजी, मिउरांनंतर जेमतेम साडेचार महिन्यांनी गेले. आपल्यामागेही मालिका चालावी अशी त्यांची इच्छा होती आणि ती चालते आहे. या उदाहरणांवरून ‘बर्सर्क’चा निर्णय लावू नये. शिनचॅन कायम पाच वर्षांचा असतो, ‘डोरेमॉन’मधला नोबिता कायम पाचवीत असतो. त्यांच्या गोष्टी एकेका भागात सुरू होऊन तिथेच संपतात. निर्माता गेल्यावरही त्या जगाचे नियम सांभाळले तर नवा भाग जुन्याला धक्का लावत नाही. साइतोंनी तर पहिल्यापासून लेखक, चित्रकार, पार्श्वभूमीकार असे कामाचे वाटप केलेला कारखानाच उभा केला होता. ‘बर्सर्क’ ही एकच लांब शोकात्म कथा आहे; तिचा शेवट मागच्या प्रत्येक पानाचा अर्थ बदलू शकतो. तिथे चुकीच्या हाताने केलेली भर मागची पानेही बिघडवते. पैसा दोन्हीकडे आहेच. फरक ठरतो तो किती भरले जाते आणि कशाच्या आधारावर, याने.

ही हद्द सांभाळली नाही तर पुढे काय येते, हे तेझुकांच्या बाबतीत दिसू लागले आहे. त्यांच्या अपुऱ्या कथांना कुणी हात लावला नाही, पण २०२० मध्ये त्यांच्या जुन्या कामावर संगणकाला शिकवून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ‘पायडॉन’ नावाची नवी चित्रकथा तयार झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच मार्गाने त्यांच्या ‘ब्लॅक जॅक’चे नवे प्रकरण एका साप्ताहिकात आले. त्यात माणसांचाही हात होता आणि ते कुणी लपवले नाही. प्रयोग म्हणून त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. पण मोरींच्या कामात आणि या कामात तत्त्वाचाच फरक आहे. यंत्र तेझुकांसारखे काहीतरी, कितीही वेळा, देऊ शकते. तेझुकांनी काय सांगितले होते ते त्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही तिथे थांबण्याचे कारणही त्याच्याकडे नाही. आठवत नाही म्हणून लिहीत नाही, असे फक्त माणूसच म्हणू शकतो. पुढच्या काही वर्षांत प्रत्येक लोकप्रिय दिवंगत चित्रकाराच्या नावावर नवी पाने काढून द्यायला यंत्रे तयार असतील. चाहते सवयीने ती उचलू लागले, तर मृत कलावंताच्या शब्दाला कुठेच जागा उरणार नाही.

चाहत्यांच्या भुकेला कमी लेखू नये. ‘डोरेमॉन’ला अधिकृत शेवट नाही. २००५ मध्ये एका चाहत्याने स्वतःच तो काढला. डोरेमॉनची बॅटरी संपते, मोठा होऊन शास्त्रज्ञ झालेला नोबिता त्याला पुन्हा जिवंत करतो, अशी ती वीस पानांची गोष्ट. चित्रे इतकी हुबेहूब की अनेकांना ती फुजिकोंचीच वाटली, आणि दहा हजारांहून अधिक प्रती खपल्या. प्रकाशकांनी आणि फुजिकोंच्या वारस संस्थेने हरकत घेतली; २००७ मध्ये त्या चाहत्याने माफी मागून नफ्याचा काही भाग देऊ केला. ती गोष्ट सुंदर होती, त्यात प्रेमही होते. जपानमध्ये चाहत्यांनी मूळ पात्रे घेऊन काढलेल्या हौशी चित्रकथांची मोठी परंपरा आहे आणि प्रकाशक तिच्याकडे एरवी कानाडोळा करतात. इथे बिनसले ते ती गोष्ट मूळ लेखकाचीच म्हणून फिरू लागली तेव्हा. ज्या वाचकांनी ती खरी मानून डोळे पुसले, त्यांना फुजिकोंचा निरोप मिळाल्यासारखे वाटले, आणि फुजिकोंनी तसा निरोप कधीच दिला नव्हता. दुःखातल्या माणसाला असे काही देताना ते कुणाकडून आहे हे सांगणे दात्याचे कर्तव्य ठरते. मोरी हे सांगतात, मोठ्या अक्षरांत सांगतात.

मिउरा स्वतःही याच वाटेवरचे वाचक होते. काओरू कुरिमोतो यांची ‘ग्विन सागा’ ही कादंबरीमाला त्यांच्या आवडीची, ‘बर्सर्क’वर प्रभाव टाकणारी. १९७९ पासून लिहीत आलेल्या कुरिमोतो मे २००९ मध्ये गेल्या, तेव्हा १३० व्या खंडापर्यंत मजकूर झाला होता आणि मालिका अपुरी होती. काही वर्षांनी इतर लेखकांनी ती पुढे नेली. त्यावर मिउरांना काय वाटले, याचा आधार घेऊन त्यांच्या इच्छेबद्दल निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. पण अपुरी कथा म्हणजे काय, हे त्यांनी वाचक म्हणून अनुभवले होते. आपली कथा त्यांनी एका माणसाला शेवटपर्यंत सांगितली होती. बाणभट्टाविषयी एक दंतकथा आहे. मरताना त्याने दोन्ही मुलांना समोरच्या वाळक्या झाडाचे वर्णन करायला सांगितले आणि ज्याच्या शब्दांत रस होता त्याच्यावर ग्रंथ सोपवला, असे म्हणतात. ती खरी असो वा नसो, ती जपणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: उत्तरभाग लिहिणाऱ्याला मूळ लेखकाने निवडलेले असावे लागते. मिउरांनी परीक्षा घेतली नाही. त्यांनी ज्याच्यावर विश्वास टाकला तो मित्र समोर आहे, आणि तो आपल्या मर्यादेत राहण्याची भाषा करतो आहे.

आता ‘बर्सर्क’ हळूहळू पुढे सरकते आहे. मिउरांच्या शेवटच्या प्रकरणाचा ४१ वा खंड डिसेंबर २०२१ मध्ये आला. स्टुडिओ गागाच्या कामाचा ४२ वा सप्टेंबर २०२३ मध्ये. नवी पाने काहींना विरळ वाटतात, संवाद कमी वाटतात, प्रसंग भराभर उरकल्यासारखे वाटतात. मला हा विरळपणा मोरींनी शब्द पाळल्याचा पुरावा वाटतो आणि वाचकांनी त्याबद्दल तक्रार करण्याऐवजी त्याला पाठबळ द्यावे असे वाटते. कारण भरीव, मांसल प्रकरणांची मागणी जितकी वाढेल तितका मोरींवर आणि सहायकांवर आठवणीपलीकडे जाण्याचा दबाव वाढेल, आणि तो दबाव प्रकाशक एकटा आणत नाही, आपणही आणतो. संपादकांनी आणखी एक करावे. मिउरांनी मागे टिपणे आणि पात्रांची रेखाटने ठेवली आहेत. ती नव्या प्रकरणांमध्ये विरघळवून टाकण्याऐवजी, त्यांच्या हातची आहेत तशी, खोडलेल्या ओळींसकट, वेगळी छापावीत. आणि कथेच्या एखाद्या वळणावर मोरींना खरोखरच काही आठवत नसेल, तर त्यांनी तसे एका ओळीत लिहावे, खाली जागा सोडावी आणि पुढचा आठवणारा प्रसंग घ्यावा. त्या कोऱ्या पानांसकट निघालेला अंक वाचक विकत घेतील. कास्का भानावर येण्याची वीस वर्षे वाट पाहिलेले वाचक आहेत ते.